पावसाळ्याआधी घराबाहेरचे टेलिफोनचे जोड कोरडे कसे ठेवायचे

मृग लागला की आठवड्याभरात कोकणपट्टीतल्या लँडलाइनच्या तक्रारी सुरू होतात. फोनमध्ये खरखर येते, एक रिंग वाजून कट होते, ब्रॉडबँड दर अर्ध्या तासाला पडतं. आणि जवळजवळ प्रत्येक तक्रारीच्या शेवटी एक वाक्य असतं, ‘ऊन पडलं की आपोआप बरा होतो.’ निदान त्याच वाक्यात आहे. वायर तुटलेली नाही, फोन बिघडलेला नाही. घराबाहेरच्या कुठल्यातरी जोडात पाणी गेलंय.

हे जोड एकदा नीट बांधले तर वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही. पण बहुतेक घरांत दर पावसाळ्यात काळी टेप आणखी चार वेढे गुंडाळली जाते आणि पुढच्या पावसाळ्यात तेच. कारण पाणी कुठून येतं याचा अंदाजच चुकलेला असतो. जोडाच्या बॉक्सच्या झाकणाच्या फटीतून पाणी येतं ते थोडं. खरं पाणी वायरवरून चालत येतं. खांबावरून घराकडे उतरणारी ड्रॉप वायर ही पावसात एक लांबलचक पन्हाळच असते. तिच्यावरून ओघळणारा थेंब वायर जिथे शिरते तिथे शिरतो. त्यामुळे बॉक्स चहूबाजूंनी लिंपून टाकणं हा उपाय नव्हे. थेंब बॉक्सपर्यंत पोचण्याआधी खाली पाडायचा, आणि तरीही जे पाणी आत जाईल त्याला खालून बाहेर पडायला वाट ठेवायची, हा उपाय.

जोडात पाणी गेल्यावर होतं काय

फोन खाली ठेवलेला असताना लाइनच्या दोन तारांच्या जोडीवर एक्सचेंजकडून साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो, दिवसरात्र. दोन स्क्रूंच्या मध्ये पाण्याचा पातळ थर आला, त्यात धूळ आणि समुद्रावरच्या हवेतलं मीठ मिसळलं की दोन तारांमध्ये बारीकसा प्रवाह वाहू लागतो. धन बाजूचं तांबं त्यात विरघळत जातं. झाकण उघडल्यावर एकच स्क्रू हिरवागार आणि शेजारचा त्यामानाने स्वच्छ दिसतो, त्याचं कारण हेच. एक्सचेंजमध्ये बॅटरीचं धन टोक मुद्दाम जमिनीला जोडलेलं असतं, म्हणजे जमिनीत होणाऱ्या गळतीने केबलचं तांबं खाल्लं जात नाही. पण ही युक्ती जमिनीतल्या गळतीपुरती. एकाच बॉक्समधल्या दोन स्क्रूंना तिचा काही उपयोग नाही.

यातून दोन वेगळे दोष तयार होतात. पहिला म्हणजे गळती, दोन तारांमध्ये ओलावा. पाऊस पडताना तो वाढतो, ऊन पडलं की जातो. दुसरा म्हणजे गंजलेला जोड, म्हणजे तार आणि स्क्रू यांच्यामध्ये हिरव्या-काळ्या क्षाराचा थर. हा उन्हातही जात नाही. याची ओळख अशी की आधी खरखर असते, रिंग येऊन गेली की थोडा वेळ आवाज स्वच्छ होतो आणि मग पुन्हा खरखर. रिंगचा एसी व्होल्टेज ७५ च्या आसपास असतो, तो त्या थराला तेवढ्यापुरता भेदतो. असा जोड पुसून चालत नाही. तो कापूनच टाकावा लागतो.

ब्रॉडबँडला हे दोष आवाजापेक्षा आधी जाणवतात. एडीएसएल२+, म्हणजे टेलिफोनच्याच तांब्याच्या तारेवरून येणारं ब्रॉडबँड, सुमारे २.२ मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरींवर चालतं आणि गंजलेला जोड त्या लहरींची वाट लावतो. मोडेमच्या सेटिंगच्या पानावर एसएनआर मार्जिन नावाचा आकडा असतो, म्हणजे सिग्नल खरखरीपेक्षा गरजेहून किती वर आहे ते. तो कोरड्या दिवशी एकदा आणि मुसळधार पावसात एकदा लिहून ठेवा. पावसात तो ६ डीबीच्या खाली जात असेल तर लाइन पडण्याचा संभव वाढतो, मोडेम बदलून काही होणार नाही.

दोष आपल्या बाजूचा की त्यांच्या

खांबावरचा डीपी बॉक्स, म्हणजे जिथून घरोघरच्या वायरी फुटतात तो डबा, आणि तिथून घरापर्यंत येणारी ड्रॉप वायर ही टेलिफोन कंपनीची. खांबावर चढू नका, डीपी उघडू नका. आपलं काम घराच्या भिंतीवर जिथे वायर उतरते तिथून आत. भिंतीवरचा पहिला जोडही पुष्कळदा कंपनीचाच असतो. तो बदलायचा असेल तर लाइनमनला सांगून, शक्यतो तो आलेला असतानाच बदला. चांगले जेल कनेक्टर आणि बॉक्स तुम्ही आणून ठेवलेत तर तो दहा मिनिटांत बसवून देतो. त्याच्या पिशवीत ते प्रत्येक वेळी असतीलच असं नाही, आणि नसले की तारा पिळून टेप लावली जाते.

तपासणी सोपी आहे. भिंतीवरच्या जोडापाशी घराच्या आत जाणारी जोडी सोडवा आणि एक साधा फोन थेट बाहेरून आलेल्या लाइनवर लावून ऐका. पाऊस पडून गेल्यागेल्या ऐकलं तर उत्तम. आवाज स्वच्छ असेल तर दोष घरातल्या वायरिंगचा. खरखर तशीच असेल तर तो जोड, ड्रॉप वायर किंवा खांब.

मल्टिमीटर असेल तर आणखी दोन गोष्टी कळतात. फोन खाली असताना डीसी ४८ च्या आसपास आणि उचलल्यावर ६ ते १२ व्होल्ट हे निरोगी लाइनचं लक्षण. मात्र नुसते ४८ दिसले म्हणून जोड चांगला आहे असं धरू नका. मीटर स्वतः जवळजवळ प्रवाह ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. फोन उचलून मोजलं तरच खरं काय ते कळतं. गळती पाहायची असेल तर घरातली जोडी दोन्ही टोकांना मोकळी करा, सगळे फोन आणि मोडेम काढा, आणि २० मेगाओहमच्या रेंजवर दोन तारांमधला रोध मोजा. चांगल्या वायरला मीटर रेंजच्या बाहेर जातो. काही शे किलोओहम दिसले तर वायर कुठेतरी ओली आहे. मोजताना प्रोबची दोन्ही टोकं बोटांनी दाबून धरू नका, नाहीतर तुमच्याच शरीराचा रोध मोजला जाईल आणि चांगली वायर बाद ठरेल. चालू लाइनवर ओहमची रेंज लावायची नाही.

४८ व्होल्ट कोरड्या हाताला जाणवत नाहीत. पण काम करताना नेमकी रिंग आली तर चांगला झटका बसतो, शिडीवर असताना तेवढाही पडायला पुरतो. आभाळ गडगडत असेल तर त्या दिवशी काम नाही. विजेची सर्व्हिस वायर जवळून जात असेल तर ॲल्युमिनियमची शिडी लावू नका, आणि टेलिफोनची वायर विजेच्या वायरपासून निदान हातभर दूर ठेवा.

काय काय आणायचं

एका घराच्या एका जोडासाठी हे पुरतं:

– गॅस्केट (झाकणाखालची रबराची पट्टी) असलेला एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचा बॉक्स, धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा आयपी५५ किंवा वरचा, साधारण १००×१००×५० मिमी. भिंतीत गाडायचा पांढरा पीव्हीसी बॉक्स नको, त्याला गॅस्केट नसतं आणि उन्हात तो खडूसारखा भुसभुशीत होतो.
– जेल भरलेले बटण कनेक्टर, म्हणजे तारा आत घालून वरचं बटण दाबलं की जोड होतो ते. एका जोडीला दोन लागतात, सहा आणा, एकदोन वाया जातात. ०.४ ते ०.६५ मिमीच्या तारांना यूवाय२, ०.९ मिमीपर्यंतच्या किंवा तीन तारा एकत्र करायच्या असतील तर यूआर२.
– पीजी७ ग्लँड दोन (वायर बॉक्समध्ये शिरते तिथे तिला रबराने आवळून धरणारा तुकडा), ३ ते ६.५ मिमीच्या केबलसाठी.
– सेल्फ-अमाल्गमेटिंग टेपचा एक रोल. ही नेहमीची चिकट टेप नव्हे. ताणून गुंडाळली की ती स्वतःलाच धरते आणि रबराचा एकसंध थर होतो.
– न्यूट्रल सिलिकॉन सीलंटची एक नळी.
– डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब.
– स्टेनलेसचे स्क्रू आणि रावळप्लग. विटेच्या प्लॅस्टर केलेल्या भिंतीला ६ मिमी, जांभ्याच्या चिऱ्याला ८ मिमीचे लांब. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, आखूड प्लग त्यात फिरतो.
– डासांच्या जाळीचा स्टेनलेसचा बोटभर तुकडा.

सिलिकॉनबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण इथे चूक होते आणि ती वर्षभराने कळते. हार्डवेअरच्या दुकानात सगळ्यात स्वस्त मिळणारं सिलिकॉन सुकताना व्हिनेगरचा वास सोडतं. तो ॲसिटिक ॲसिडचा वास असतो आणि तेच ॲसिड बंद बॉक्समध्ये तांब्यावर बसतं. म्हणजे पाणी अडवायला लावलेला माल स्वतःच जोड खातो. नळीवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं बघून घ्या. शंका असेल तर थोडं कागदावर काढून वास घ्या.

जागा

बॉक्सची जागा बरोबर निवडली की अर्धं काम झालं. वळचणीखाली, भिंतीला लागून, पागोळ्या पडतात त्या रेषेच्या आत निदान फूटभर. जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास. खाली लावला तर पागोळ्यांचे शिंतोडे लाल माती घेऊन गुडघ्याच्या वरपर्यंत उडतात. फार वर लावला तर तपासायला दर वेळी शिडी लागते, आणि मग कोणी तपासत नाही. नैऋत्येचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण भिंत टाळता आली तर टाळा. पूर्वेच्या भिंतीपर्यंत वायर वळवून न्यायला पाचसात मीटर जास्त लागली तरी ती किंमत वसूल होते. झड घरात येऊ नये म्हणून पश्चिमेला झाप किंवा ताडपत्री बांधता तीच भिंत टेलिफोनच्या बॉक्सलाही वाईट, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ड्रॉप वायरचा ताण बॉक्सवर येता कामा नये. वायर आधी भिंतीवरच्या हुकात क्लॅम्पने धरलेली असावी आणि तिथून पुढे सैल उतरावी. वाऱ्यात वायर झुलते. क्लॅम्प नसेल तर प्रत्येक झोक्याला जोड थोडा हलतो, आणि महिन्याभरात चांगला घट्ट स्क्रूही ढिला होतो.

झोळ

क्लॅम्पपासून बॉक्सकडे येणारी वायर बॉक्सच्या तळापेक्षा १० ते १५ सेंमी खाली उतरू द्या आणि मग वळवून तळातून वर आत घ्या. या झोळाच्या सगळ्यात खालच्या बिंदूवर थेंब जमतो आणि गळून पडतो. तो चढ चढून बॉक्समध्ये जात नाही. पावसात उभं राहून बघा, झोळाच्या टोकाला थेंबांची माळ लागलेली दिसते आणि त्याच्या पुढची वर चढणारी वायर वळचणीखाली जवळजवळ कोरडी असते. सगळ्या कामात फुकटचं आणि सगळ्यात उपयोगाचं हेच आहे. बॉक्सच्या वरून किंवा बाजूने वायर घ्यायची नाही, मग ग्लँड कितीही महागाची असो.

बॉक्स

सगळी भोकं तळाला पाडा. दोन ग्लँडसाठी साडेबारा-तेरा मिमीची, आणि मागच्या कोपऱ्यात पाणी जायला ५ मिमीचं एक. हे भोक २ मिमीचं ठेवू नका, एवढ्याशा भोकात पाण्याचा थेंबच बुचासारखा अडकून राहतो. ५ मिमीतून तो पडतो. भोकावर आतून जाळीचा तुकडा सिलिकॉनने कडेकडेने चिकटवा, मधला भाग मोकळा ठेवून. जाळी हवीच. मुंग्यांना कोरडा उबदार बॉक्स फार आवडतो, त्या अंडी आणि माती आणतात, माती ओलावा धरते. कुंभारीण माशी ग्लँडचं उघडं भोक मातीने बुजवते. पाल शिरली तर दोन स्क्रूंवर आडवी पडून जोडी शॉर्ट करते. फोन पूर्ण बंद, आणि कारण शोधायला दोन दिवस.

बॉक्स भिंतीवर बसवताना त्याच्या पाठीच्या वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉनची रेघ मारा. खालची कड मोकळी. भिंतीवरून ओघळणारं पाणी वरून पाठीमागे शिरत नाही, आणि शिरलंच तर खालून निघून जातं. पाठीच्या स्क्रूंच्या डोक्यांवरही थोडं सिलिकॉन. ती भोकं विसरली जातात आणि ओल्या जांभ्यातून नेमकं तिथूनच पाणी पाझरतं.

ड्रॉप वायर बहुतेक चपटी असते आणि ग्लँडचं रबर गोल. ग्लँड कितीही आवळली तरी दोन कोपऱ्यांत फट राहते. म्हणून ग्लँडमधून जाणाऱ्या तीनेक सेंमी भागावर आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून, अर्ध्यावर अर्धा थर चढवत, वायर गोल होईपर्यंत गुंडाळा आणि मग ग्लँड हाताने घट्ट करा. टेप दुप्पट लांबीपर्यंत ताणायची. न ताणता गुंडाळली तर ती स्वतःला धरत नाही, संध्याकाळपर्यंत सुटते.

जोड

जुना जोड कापून टाका. तांबं चकचकीत लालसर दिसेपर्यंत मागे मागे कापत जा. हिरवं किंवा काळं पडलेलं तांबं घासून वापरायचं नाही, कारण प्लॅस्टिकच्या आत गंज किती मागे गेलाय ते घासल्याने कळत नाही. कधी पाच सेंमीत काम भागतं, कधी अर्धा मीटर जातो. अर्ध्या मीटरनंतरही काळंच असेल तर पाणी वायरमध्ये वरच्या बाजूला कुठेतरी शिरलंय. कौलाला घासून प्लॅस्टिक कापलेलं असतं, किंवा खारीने कुरतडलेलं. मग पाणी प्लॅस्टिक आणि तार यांच्या मधल्या पोकळीतून खाली सरकत येतं आणि बॉक्स बाहेरून ठणठणीत कोरडा असताना आतून ओला होतो. अशा वेळी बॉक्सवर मेहनत घेण्यात अर्थ नाही, कंपनीला सांगून वायर बदलून घ्या.

बटण कनेक्टरमध्ये तारा सोलायच्या नाहीत. दोन्ही तारांची टोकं सरळ कापून, प्लॅस्टिकसकट, भोकांत शेवटपर्यंत सरकवा. कनेक्टर पारदर्शक असतो, टोकं शेवटच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. मग रुंद जबड्याच्या पक्कडीने बटण सपाट बसेपर्यंत एका दमात दाबा. वाकडं दाबलं की तारेचं प्लॅस्टिक कापणारी आतली पाती एकाच तारेत उतरते आणि दुसरी वरवर धरली जाते, त्यासाठी जबडे समांतर राहणारी पक्कड बरी. आतलं जेल कडेने थोडं बाहेर आलं की समजायचं जोड भरला. शेवटी प्रत्येक तार वेगळी हलकेच ओढून बघा. सुटली तर कनेक्टर फेकून नवा घ्या, तोच पुन्हा दाबायचा नाही.

जोड झाले की बॉक्समध्ये प्रत्येक बाजूला वीसेक सेंमी वायरचं वेटोळं शिल्लक ठेवा आणि कनेक्टर तोंड खाली करून टांगते ठेवा, तळाला टेकवून नाही.

जुन्या ड्रॉप वायरच्या तारा कधीकधी तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या असतात, जाड आणि कडक. त्यांचं प्लॅस्टिक कनेक्टरच्या भोकात जात नाही. तिथे पितळी स्क्रूचं टर्मिनल वापरावं लागतं. प्लॅस्टिक १२ मिमी सोला, सोलताना तारेवर खाच पडू देऊ नका, कारण मुलामा खरवडला की आतलं पोलाद गंजतं आणि तार नेमकी तिथे तुटते. टोक स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेने वळवा, म्हणजे आवळताना ते आत ओढलं जातं. घट्ट केल्यावर वरून सिलिकॉन ग्रीसचा गोळा लावा, स्क्रू पूर्ण झाकला जाईल एवढा. ग्रीस आधी लावू नये, ते विद्युतरोधक आहे. व्हॅसलीन वैशाखाच्या उन्हात बॉक्समध्ये वितळून तळाला जाऊन बसतं, त्याचा उपयोग नाही.

घरात शिरणारं भोक

भिंतीतलं भोक आतून बाहेर उताराचं हवं. नऊ इंची भिंतीत बाहेरचं तोंड आतल्यापेक्षा २ ते ३ सेंमी खाली. ड्रिल आतून बाहेर, किंचित खाली झुकवून मारलं की हे आपोआप होतं. भोकात पीव्हीसी पाइपचा तुकडा घाला, बाहेर एक सेंमी पुढे काढून. वायर ओढल्यावर बाहेरचं तोंड न्यूट्रल सिलिकॉनने बंद करा आणि आतलं तसंच मोकळं ठेवा. दोन्ही बाजूंनी बंद केलेल्या भोकात भिंतीची ओल साठून राहते. बाहेर पडणाऱ्या वायरला इथेही झोळ द्यायचा.

बॉक्सपासून घरात नेणारी वायर बाहेर वापरायच्या काळ्या आवरणाची घ्या, ०.५ मिमी तांब्याची, शक्यतो जेली भरलेली. रंगीत पिळाची जंपर वायर भिंतीवर लावलेली सर्रास दिसते. ती एक्सचेंजच्या आतली वायर आहे, उन्हाळ्यात तिचं प्लॅस्टिक तडकतं आणि पहिल्या पावसात ती भिजलेल्या सुतासारखी वागते. बारीक तारांची लवचिक बेल वायरही बाहेर नको, तिच्या तारांच्या मधून पाणी दिव्याच्या वातीसारखं चढतं.

वीज

ड्रॉप वायर लांब आणि उघड्यावरून येत असेल तर त्याच बॉक्समध्ये तीन पायांची २३० व्होल्टची गॅस ट्यूब, म्हणजे जास्तीचा व्होल्टेज आला की तो जमिनीत सोडणारी नळी, लावून घ्या. बाहेरचे दोन पाय दोन तारांना, मधला अर्थिंगला. रिंगचा शिखर व्होल्टेज आणि ४८ व्होल्ट मिळून दीडशेच्या आसपास जातात, म्हणून २३० ची ट्यूब एरवी गप्प असते. अर्थिंगची तार ४ चौरस मिमी तांब्याची, आखूड आणि सरळ, घराच्या मुख्य अर्थिंगला जोडलेली. टेलिफोनसाठी अंगणात वेगळा अर्थ पुरू नका. जवळ वीज पडली की दोन अर्थमध्ये मोठा व्होल्टेज उभा राहतो आणि तो मोडेममधून वाट काढतो. थेट अंगावर पडलेल्या विजेपुढे ही ट्यूबही टिकत नाही. गडगडाट जवळ आला की मोडेमची लाइन आणि प्लग दोन्ही काढून ठेवणं चुकवू नका.

जे करू नये

जोडावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून उघड्यावर सोडू नका. उन्हात गोंद पातळ होतो, टेप एका कडेने सुटते आणि आत गेलेलं पाणी मग बाहेर येत नाही. प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याचंही तसंच, रात्री तिच्या आत दव धरतं. इपॉक्सी पुटीने बॉक्स कायमचा बुजवला तर पुढच्या वेळी तो फोडावाच लागतो. सिलिका जेलची पुडी पावसाळी हवेत दोनचार दिवसांत भरून जाते. डांबर गोळ्या मुंग्यांसाठी टाकतात, पण त्यांच्या वाफेने काही जातींचं प्लॅस्टिक मऊ पडतं, जाळीने काम भागत असताना त्यांची गरज नाही.

शहरातल्या सोसायट्यांमध्ये अडचण वेगळी असते. वायर गच्चीवरून येतात आणि जोड कठड्यावर किंवा टाकीच्या पाइपाला बांधलेले असतात, कधी थेट स्लॅबवर पडलेले. गच्चीवर पाणी तुंबलं की ते सगळे एकदम बुडतात. तिथे नवीन काही न करता नुसते जोड उचलून जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर, छज्जाखाली, एका बॉक्समध्ये आणले तरी निम्म्या तक्रारी थांबतात. इंटरकॉम आणि दारावरच्या फोनच्या वायरिंगलाही हेच सगळं लागू आहे.

तांब्याच्या जागी फायबर आलं असेल तर गंजाचा प्रश्न उरत नाही, पण झोळ, उताराचं भोक आणि क्लॅम्प तसेच हवेत. फक्त झोळाचं वळण बारीक होऊ देऊ नका, ३ सेंमीपेक्षा कमी त्रिज्येत फायबर वाकवू नये. तांब्याची लाइन अजून चालू असेल तर ती राखण्यासारखी आहे. एक्सचेंजच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे घरातले दिवे गेले तरी साधा फोन लागतो. फायबरचा डबा मात्र घरच्या विजेवर बसलेला असतो.

तपासून बघणं

झाकण लावण्याआधी आत वर्तमानपत्राचा एक तुकडा ठेवा. झाकणाचे चारही स्क्रू कोपरा सोडून कोपरा असे आवळा, म्हणजे गॅस्केट सगळीकडे सारखं दबतं. मग बागेच्या नळीने वरून, वायरवर आणि भिंतीवर, पावसासारखं दहा मिनिटं पाणी सोडा. जोराची धार मारायची नाही. दहा मिनिटं थांबून झाकण उघडा. वर्तमानपत्रावर डाग कुठे पडलाय त्यावरून वाट कळते. मधोमध डाग असेल तर झाकण, तळाजवळच्या कडेला असेल तर ग्लँड, मागच्या बाजूला असेल तर पाठीचे स्क्रू. कोरडा निघाला तर तोच कागद आत ठेवून झाकण लावा.

हे सगळं रोहिणीत, मे अखेरीस, भिंती तापलेल्या आणि कोरड्या असताना करा. ओल्या भिंतीवर सिलिकॉन धरत नाही. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात एकदा झाकण उघडा. कागद तपासा, जाळीवरची माती झटका, गॅस्केट चपटं पडलं असेल तर बदला. कुठल्या टोकाला हिरवं दिसलं तर तेवढं कापून नवा कनेक्टर लावा. वेटोळ्यात वायर शिल्लक ठेवलेली असते ती त्यासाठीच.